आधी सीटी, मग कोलोनोस्कोपी: मोठ्या आतड्याच्या तपासणीचा अनुभव

मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी कोणतेही लक्षण नसताना तपासणी करून घ्यावी, हे पटायला मला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो कोणती तपासणी करायची हे ठरवायला. वयाची पन्नाशी ओलांडली होती, जवळच्या नात्यात कोणाला हा आजार झालेला नव्हता, शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, शौचाच्या सवयीत बदल होणे यांपैकी काहीही नव्हते. वैद्यकीय भाषेत मी ‘सरासरी जोखमीची’ व्यक्ती होते आणि अशा व्यक्तीपुढे पर्याय ठेवले जातात. मलातील रक्ताचा अंश शोधणारी चाचणी दरवर्षी करावी लागते, आणि तिच्यात रक्त आढळले तर शेवटी कोलोनोस्कोपी करावीच लागते, म्हणून ती मी लवकरच बाजूला ठेवली. उरल्या दोन: दुर्बिणीची, म्हणजे कोलोनोस्कोपी, आणि सीटी स्कॅनची, म्हणजे सीटी कोलोनोग्राफी. यथावकाश मी दोन्ही करून घेतल्या, आणि दोन्हींतून गेल्यावर त्यांची तुलना मला आधी वाटली होती त्यापेक्षा बरीच वेगळी दिसू लागली.

या तपासण्यांमागचे तत्त्व आधी सांगायला हवे, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच निर्माण होतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा एकाएकी होत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर मांसाचा एक लहानसा कोंब वाढतो, त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांतले बरेचसे निरुपद्रवी असतात, परंतु अडेनोमा या प्रकारातले काही हळूहळू मोठे होत कर्करोगात रूपांतरित होतात. या प्रवासाला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. कोंब वेळीच सापडला आणि काढून टाकला, तर कर्करोग होण्याआधीच टळतो. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या शल्यचिकित्सकांनी 1969 मध्ये कोलोनोस्कोपच्या आतून तारेचा फास नेऊन पॉलिप कापून काढला, आणि तेव्हापासून ही दुर्बीण नुसती पाहण्याचे साधन राहिली नाही. सीटी कोलोनोग्राफी त्या मानाने तरुण आहे. डेव्हिड वायनिंग या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने 1994 मध्ये ती प्रथम मांडली. ती पाहू शकते, मोजू शकते, परंतु काढू शकत नाही. हे वाक्य मी सुरुवातीलाच कुठेतरी वाचले होते आणि ‘ते उघडच आहे’ असे म्हणून पुढे गेले होते.

सीटीकडे माझा कल झाला त्याला कारणे होती. काही वर्षांपूर्वी माझे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटात आतडी एकमेकांना चिकटून बसण्याची शक्यता असते, आतड्याचा खालचा वळणदार भाग ताठर होतो, आणि दुर्बीण पुढे सरकवणे अवघड व वेदनादायक ठरू शकते. दुसरे कारण गुंगीचे इंजेक्शन. ते घेतल्यावर त्या दिवशी वाहन चालवायचे नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, सोबतीला कोणीतरी हवेच. तिसरे कारण आकड्यांचे. 2003 मध्ये रेडिओलॉजिस्ट पेरी पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी कोणतीही लक्षणे नसलेल्या 1,233 जणांची एकाच दिवशी आधी सीटी आणि मग कोलोनोस्कोपी केली होती. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे अडेनोमा ओळखण्यात सीटीची संवेदनशीलता, म्हणजे प्रत्यक्षात असलेले अडेनोमा पकडण्याचे प्रमाण, 93.8 टक्के आली आणि कोलोनोस्कोपीची 87.5 टक्के. नंतर 2008 मध्ये अमेरिकेतल्या पंधरा केंद्रांवर सुमारे अडीच हजार जणांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्याच आकाराच्या अडेनोमांसाठी सीटीची संवेदनशीलता 90 टक्के होती. एवढे आकडे हाती असताना गुदद्वारातून दीड मीटर नळी आत घालून घेण्यात काय अर्थ, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

त्या वेळी माझ्या नजरेतून एक गोष्ट निसटत होती, ती आकड्यांच्या शेजारीच छापलेली होती. हे सगळे दावे ‘दहा मिलिमीटर आणि त्याहून मोठे’ या अटीला बांधलेले होते. आकार खाली आणला की सीटीची पकड सैल होते. 2008 च्या त्याच अभ्यासात सहा मिलिमीटरपासून पुढचे सगळे अडेनोमा धरले तर संवेदनशीलता 78 टक्क्यांवर येते. पाच मिलिमीटर किंवा त्याहून लहान पॉलिप तर सीटीच्या अहवालात लिहायचेच नाहीत असा रेडिओलॉजिस्टांमधला संकेत आहे. इतक्या लहान कोंबात गंभीर काही असण्याची शक्यता फार थोडी असते, आणि तो प्रत्येक वेळी नोंदवत बसले तर प्रत्येकालाच कोलोनोस्कोपीला पाठवावे लागेल, हा त्यामागचा विचार आहे. विचार म्हणून तो मला आजही योग्यच वाटतो.

सीटी कोणासाठी नाही, हेही माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट केले. शौचातून रक्त जात असेल, मलाच्या चाचणीत रक्त आढळलेले असेल, आतड्याचा दीर्घकालीन दाह असेल किंवा घराण्यात आनुवंशिक स्वरूपाचा आतड्याचा कर्करोग असेल, तर सहसा थेट कोलोनोस्कोपीच केली जाते, कारण तिथे काहीतरी सापडण्याची आणि तुकडा काढून तपासण्याची गरज पडण्याची शक्यता मुळातच जास्त असते. मी त्यांपैकी कशातच बसत नव्हते.

ज्यांना वाटते की सीटी म्हणजे पोट साफ करण्यातून सुटका, त्यांचा भ्रम आधी दूर करायला हवा. जुलाबाचे औषध दोन्हीकडे आहे. आदल्या दिवशी चोथा नसलेला आहार, मग नुसते द्रवपदार्थ, आणि त्यातही लाल रंगाची पेये वर्ज्य. सीटीसाठी घ्यावे लागलेले औषध तुलनेने कमी प्रमाणात होते हे खरे, पण त्याच्या जोडीला बेरियम आणि आयोडीन असलेली द्रावणे प्यावी लागली. त्यांचे काम असे की आतड्यात जो थोडाफार मल किंवा पाणी उरेल ते या द्रावणाने माखले जावे, म्हणजे चित्रात ते पांढरेशुभ्र दिसेल आणि करड्या रंगाच्या पॉलिपशी त्याची गल्लत होणार नाही. चव ज्याला त्याला सहन करावी लागते. मला त्याहून जास्त त्रास झाला तो रात्रभर खंडित होणाऱ्या झोपेचा.

प्रत्यक्ष स्कॅनला फार वेळ लागला नाही. डाव्या कुशीवर झोपवून गुदद्वारातून एक मऊ, बोटापेक्षा बारीक नळी घातली गेली आणि ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाशी असलेला छोटा फुगा आत फुगवला गेला. त्यापूर्वी तंत्रज्ञाने काचबिंदू आहे का, हृदयाच्या ठोक्यांचा काही त्रास आहे का, असे विचारले, कारण आतड्याचे आकुंचन थांबवणारे एक इंजेक्शन द्यायचे होते आणि ते अशा रुग्णांना चालत नाही. मग नळीतून कार्बन डायऑक्साइड सोडला जाऊ लागला. साध्या हवेऐवजी हा वायू वापरतात, कारण तो आतड्याच्या अस्तरातून झपाट्याने शोषला जातो आणि नंतर श्वासावाटे बाहेर पडतो, त्यामुळे तपासणीनंतर पोट फुगलेले राहत नाही. यंत्राच्या छोट्या पडद्यावर आत गेलेल्या वायूचे लिटर आणि आतला दाब असे दोन आकडे दिसत होते. दाब वाढला की यंत्र आपोआप थांबत होते आणि मी पडद्यावरच्या आकड्यावरून पुढची कळ केव्हा येणार याचा अंदाज बांधत होते. कळ म्हणजे दुखणे म्हणावे असे नव्हते; वायू धरल्यावर शौचाला जाण्याची जी अनावर भावना होते ती, आणि तिला वाव नाही ही अस्वस्थता. पाठीवर झोपून श्वास रोखला, स्कॅन झाला. पालथी झाले, पुन्हा थोडा वायू, पुन्हा श्वास रोखला, पुन्हा स्कॅन. नळी काढल्यावर मी स्वतःच्या पायांनी स्वच्छतागृहात गेले आणि थोड्या वेळाने कपडे बदलून कामाला लागले. गुंगी नाही, सोबत नाही.

किरणोत्सर्गाची धास्ती अनेकांना असते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. स्क्रीनिंगसाठीचा, म्हणजे लक्षणे नसताना केला जाणारा, हा स्कॅन कमी मात्रेत करतात, कारण वायूने भरलेले आतडे आणि त्याची भिंत यांतला फरक इतका ठळक असतो की उच्च मात्रेची गरज नसते. ही मात्रा ढोबळमानाने एक-दोन वर्षांत निसर्गातून आपल्याला जी मिळतेच तिच्या जवळपास राहते. पन्नाशीनंतर पाच वर्षांतून एकदा एवढी मात्रा मला चिंतेची वाटली नाही. तिशीतल्या व्यक्तीने याच हिशेबाने विचार करू नये.

अहवाल समजावून सांगताना रेडिओलॉजिस्टनी मला पडद्यासमोर बसवले, आणि या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत रोचक भाग माझ्यासाठी तोच होता. संगणकाने तयार केलेले आतड्याचे आतले दृश्य एखाद्या बोगद्यासारखे पुढे सरकत होते. सिग्मॉइड नावाच्या वळणदार भागात, दोन घड्यांच्या मधोमध, गुळगुळीत, गोलसर उंचवटा होता. त्यांनी तेवढ्यावर निष्कर्ष काढला नाही. पाठीवर झोपलेल्या स्थितीतले चित्र आणि पालथ्या स्थितीतले चित्र शेजारी शेजारी ठेवले. मलाचा खडा असता तर मी पालथी झाल्यावर तो घरंगळून दुसऱ्या बाजूला गेला असता. हा उंचवटा दोन्ही चित्रांत त्याच भिंतीला, त्याच घडीशी चिकटलेला होता. मग त्रिमिती दृश्य सोडून साध्या छेदचित्रावर गेले आणि आतून तो पांढरा आहे का ते पाहिले. पांढरा असता तर द्रावणाने माखलेला मल ठरला असता. तो भिंतीसारखाच करडा होता. मोजमाप आठ मिलिमीटर.

अहवालाच्या शेवटी दोन संकेत होते: आतड्यासाठी ‘सी 2’ आणि आतड्याबाहेरच्या अवयवांसाठी ‘ई 2’. दुसऱ्याचा अर्थ असा की उजव्या मूत्रपिंडावर पाण्याची एक साधी गाठ दिसली आहे, जी असंख्य लोकांना असते आणि जिच्यासाठी पुढे काही करायचे नाही. पोटाचा स्कॅन केल्यावर आतड्याबरोबर बाकीचे अवयवही दिसणारच, आणि एखाद्याची फुगत चाललेली महाधमनी अशा वेळी योगायोगाने सापडून जीव वाचतो. पण योगायोगाने सापडलेल्या निरुपद्रवी गोष्टींमागे पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा स्कॅन, पुन्हा रक्त तपासणी असे शेपूटही लागू शकते. माझे शेपूट सुदैवाने तिथेच संपले.

प्रश्न ‘सी 2’ चा होता. सहा ते नऊ मिलिमीटरचे एक किंवा दोन पॉलिप असतील तर हा संकेत देतात, आणि त्यावर दोन्ही वाटा मान्य आहेत: कोलोनोस्कोपी करून पॉलिप काढावा, किंवा तो तसाच ठेवून सुमारे तीन वर्षांनी पुन्हा सीटी करावी. दहा मिलिमीटरच्या वर असता तर निर्णय झालेलाच होता. पाचच्या आत असता तर मला कळलेही नसते. आठ मिलिमीटरने मात्र मला नेमके त्या पट्ट्यात आणून ठेवले होते जिथे निर्णय रुग्णावर सोपवला जातो.

थांबण्याच्या बाजूने ठोस पुरावा आहे, आणि तो मी गांभीर्याने घेतला. पिकहार्ट यांच्याच गटाने 2013 मध्ये सहा ते नऊ मिलिमीटरच्या 306 पॉलिपांचा मागोवा प्रसिद्ध केला. ते न काढता काही काळाने पुन्हा सीटी केली तेव्हा 22 टक्के वाढले होते, निम्मे होते तसेच होते, आणि 28 टक्के चक्क लहान झाले होते, त्यांतले काही तर दिसेनासे झाले होते. शरीर स्वतःच काही पॉलिपांचा निकाल लावते हे वाचून मला आश्चर्य वाटले आणि काहीसे बरेही वाटले. पण मग मी उलट बाजूने विचार केला. माझा पॉलिप त्या 22 टक्क्यांत आहे की 28 टक्क्यांत, हे एका स्कॅनवरून कोणीही सांगू शकत नाही. सांगायला दुसरा स्कॅन लागतो, आणि दोन स्कॅनच्या मधला काळ मला काढायचा होता. आकडेवारीच्या दृष्टीने तो काळ सुरक्षित आहे हे मान्य करूनही तो मला मनाच्या कोपऱ्यात काहीतरी धरून ठेवून काढायचा नव्हता. हा निर्णय वैद्यकीय कमी आणि स्वभावाचा अधिक होता, असे मी म्हणेन. माझ्या जागी दुसरी व्यक्ती थांबली असती तर तिचे चुकले असे मला वाटले नसते.

याच सुमारास एक गमतीची गोष्ट वाचनात आली. बराक ओबामा यांनी अध्यक्ष असताना 2010 मध्ये सीटी कोलोनोग्राफी करून घेतली होती. तिला गुंगी लागत नसल्यामुळे अधिकार कोणाकडे सोपवण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांच्या आधी जॉर्ज बुश यांनी आणि नंतर नोव्हेंबर 2021 मध्ये जो बायडन यांनी कोलोनोस्कोपी करून घेतली, तेव्हा गुंगीच्या काळापुरते अध्यक्षपदाचे अधिकार उपाध्यक्षांकडे द्यावे लागले. बायडन यांच्या वेळी कमला हॅरिस 85 मिनिटे ते अधिकार सांभाळत होत्या. त्या तपासणीत बायडन यांच्या आतड्यातून तीन मिलिमीटरचा एक पॉलिप काढला गेला आणि तो अडेनोमा निघाला. सीटी केली असती तर तीन मिलिमीटरचा तो कोंब अहवालात आलाच नसता. आता त्यामुळे त्यांचे काही बिघडले असते का, हा वादाचा विषय आहे, आणि बहुधा बिघडले नसते.

कोलोनोस्कोपी ठरल्यावर पहिला मनस्ताप झाला तो पोट पुन्हा साफ करण्याचा. काही केंद्रांवर सीटीत काही निघाले तर त्याच दिवशी, त्याच तयारीवर कोलोनोस्कोपी करण्याची सोय असते. मी जिथे सीटी केली तिथे अशी सोय नव्हती आणि तिच्याबद्दल आधी कोणी बोललेही नव्हते. सीटीची निवड करणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा, कारण जुलाबाच्या औषधाची दुसरी फेरी हीच माझ्या मते सीटीची सर्वांत मोठी छुपी किंमत आहे. या वेळी औषधाचे प्रमाण मोठे होते, आणि ते दोन हप्त्यांत घ्यायचे होते: निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे. पहाटे उठून ते पिणे जिवावर येते, पण त्याचे कारण पक्के आहे. रात्रीतून लहान आतड्यातून पित्त आणि स्राव खाली उतरतात आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर त्यांचा थर बसतो. पहाटेचा हप्ता तो थर धुऊन काढतो. हा थर पुढे माझ्या बाबतीत किती महत्त्वाचा ठरणार होता, याची तेव्हा कल्पना नव्हती.

दुसरी गोष्ट मी केली ती डॉक्टरांना काही प्रश्न विचारण्याची. सीटी बऱ्याच अंशी यंत्रावर आणि चित्र वाचणाऱ्यावर अवलंबून असते. कोलोनोस्कोपी करणाऱ्याच्या हातावर, आणि त्याहूनही त्याच्या धीरावर. दुर्बीण आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेऊन मग ती बाहेर काढत असताना खरी पाहणी होते, आणि त्या पाहणीला किमान सहा मिनिटे दिली जावीत असा दंडक अनेक ठिकाणी आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी सहा मिनिटांहून अधिक वेळ देणाऱ्या डॉक्टरांना 28.3 टक्के रुग्णांत पॉलिपसदृश वाढ सापडली, कमी वेळ देणाऱ्यांना 11.8 टक्क्यांत. एखाद्या डॉक्टरला शंभर स्क्रीनिंग तपासण्यांत किती जणांमध्ये अडेनोमा सापडतो, याचाही हिशेब ठेवला जातो. 2014 च्या एका मोठ्या अभ्यासानुसार हे प्रमाण एका टक्क्याने वाढले की त्या डॉक्टरच्या रुग्णांना पुढे कर्करोग होण्याची जोखीम तीन टक्क्यांनी घटते. असे प्रश्न विचारताना आपण आगाऊपणा करतो आहोत की काय, असे वाटत होते. डॉक्टरांनी त्यांचे प्रमाण सहजपणे सांगितले आणि वर म्हणाले, ‘हे विचारणारे रुग्ण फार थोडे भेटतात.’

तपासणीच्या वेळी शिरेतून दिलेल्या गुंगीच्या औषधामुळे माझ्या आठवणी तुटक आहेत. डाव्या कुशीवर झोपलेली होते, समोर पडदा होता, आणि पडद्यावर ओलसर, गुलाबी, चकाकणारी भिंत होती. सीटीच्या पडद्यावरच्या करड्या दृश्यानंतर तो रंग डोळ्यांत भरला. सिग्मॉइडच्या वळणांपाशी दुर्बीण अडली. शस्त्रक्रियेमुळे अपेक्षा होती तसेच झाले: नळीचा वेढा पडला, पोटात खोल, ओढल्यासारखी कळ आली, नर्सने हाताने पोट दाबून धरले, मला पाठीवर वळवले गेले, आणि मग नळी सुटून पुढे गेली. ही कळ सीटीच्या कोणत्याही क्षणापेक्षा जास्त होती. त्यानंतरचे फारसे आठवत नाही. ‘अपेंडिक्सचे तोंड दिसले’ हे वाक्य मात्र आठवते, कारण त्याचा अर्थ दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचली असा होता.

परतीच्या वाटेवर, आतड्याच्या सुरुवातीच्या चढत्या भागात डॉक्टर बराच वेळ एका जागी थांबले. पाण्याचा फवारा मारून त्यांनी पिवळसर चिकट थर धुतला, आणि त्याखाली अस्तराचा जेमतेम उंचावलेला, कडा अस्पष्ट असलेला एक फिकट पट्टा होता. हे सगळे नंतर त्यांनी छायाचित्रांवर दाखवले. मलाही बोट ठेवून दाखवल्यावरच तो दिसला. सपाट, करवतीच्या दात्यांसारखी रचना असलेली ही वाढ, तिला सेसाइल सेरेटेड लिजन म्हणतात, आणि तिच्यावर असा श्लेष्माचा थर असणे हीच तिची खूण. तो सात मिलिमीटरचा पट्टा सीटीत दिसला नव्हता. मी नंतर ते स्कॅन पुन्हा पाहण्याची विनंती केली तेव्हा रेडिओलॉजिस्टनी त्या जागी परत शोधले आणि खात्रीने बोट ठेवावे असे काही आढळले नाही, असे सांगितले. सीटी उंचवटा पाहते. जिथे उंचवटाच नाही तिथे तिला पाहण्यासारखे फारसे उरत नाही. अशा सपाट वाढींच्या बाबतीत सीटी मागे पडते हे सर्वमान्य आहे, आणि त्यांतूनही कर्करोग होऊ शकतो हेही.

सिग्मॉइडमधला आठ मिलिमीटरचा पॉलिप सीटीने सांगितलेल्या जागीच सापडला. दोन्ही वाढी तारेच्या फासाने, विजेचा प्रवाह न वापरता, कापून काढल्या गेल्या. त्यांशिवाय मलाशयाजवळ दोन अगदी बारीक कोंब होते, तेही काढले. कापताना काहीही जाणवले नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. त्याला ताणल्याची वेदना कळते.

जोखमीबद्दल मला संमतिपत्रावर सही करताना सांगितले होते. स्क्रीनिंगच्या कोलोनोस्कोपीत आतड्याला भोक पडण्याचे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन, आणि मोठा रक्तस्राव होण्याचे प्रमाण दहा हजारांत सुमारे पंधरा असते; पॉलिप काढला तर ही जोखीम वाढते. घरी जाताना दिलेल्या कागदावर लिहिले होते की दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो, आणि पोटात तीव्र वेदना किंवा ताप आला तर ताबडतोब परत यावे. मला काही झाले नाही. पण त्या काळात प्रत्येक वेळी शौचाला गेल्यावर मी वाकून पाहत असे, हे लिहायला हरकत नाही.

ऊतींचा अहवाल आला. आठ मिलिमीटरचा पॉलिप ट्यूब्युलर अडेनोमा, सौम्य दर्जाचा. सपाट वाढ अपेक्षेप्रमाणे सेरेटेड प्रकारची, पेशींत धोक्याचे बदल नाहीत. मलाशयाजवळचे दोन बारीक कोंब हायपरप्लास्टिक, म्हणजे ज्यांचे असणे आणि नसणे सारखेच. इथे मी थबकले. सीटीने जे दोन कोंब सांगितले नाहीत ते न सांगणे योग्यच होते. जी सपाट वाढ तिला दिसली नाही ती दिसायला हवी होती. ‘लहानसहान गोष्टी सोडून द्यायच्या’ हे धोरण एकाच आतड्यात, एकाच वेळी बरोबरही ठरले आणि अपुरेही.

या पार्श्वभूमीवर मी 2007 चा एक अभ्यास पुन्हा वाचला, जो आधी मला नीट कळला नव्हता. त्यात 3,120 जणांनी सीटी करून घेतली होती आणि 3,163 जणांनी थेट कोलोनोस्कोपी. कर्करोग किंवा धोक्याच्या पातळीवर पोहोचलेले अडेनोमा पहिल्या गटात 3.2 टक्के लोकांत सापडले, दुसऱ्यात 3.4 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. मात्र काढलेल्या पॉलिपांची संख्या पहिल्या गटात 561 होती आणि दुसऱ्यात 2,434. कोलोनोस्कोपीच्या गटात सात जणांच्या आतड्याला भोक पडले, सीटीच्या गटात एकाच्याही नाही. चौपटीहून अधिक कोंब कापून महत्त्वाच्या निदानात जवळपास काहीच भर पडली नाही, असा याचा एक अर्थ आहे. माझ्या मलाशयाजवळचे ते दोन कोंब त्या चौपटीतले. पण माझी सपाट वाढही त्याच चौपटीत मोडली असती, कारण सात मिलिमीटरची असल्यामुळे ती ‘धोक्याच्या पातळीवर’ धरली जात नाही. कोणती गोष्ट महत्त्वाची मानायची याची व्याख्या आधी ठरते आणि मग दोन तपासण्या सारख्या किंवा वेगळ्या ठरतात.

शिवाय दुर्बीणही सर्व काही पाहते असे नाही. एकाच व्यक्तीची एकाच दिवशी दोनदा कोलोनोस्कोपी करून पाहिलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये निघाला. पहिल्या खेपेला सुमारे 22 टक्के पॉलिप निसटले होते, बहुतेक लहान. मोठे निसटण्याचे प्रमाण मात्र अगदी थोडे, दोन टक्क्यांच्या आसपास होते. घड्यांच्या पाठीमागची बाजू दुर्बिणीला दिसत नाही आणि सीटीला दिसते. याउलट मलाशयाचा अगदी खालचा भाग सीटीच्या नळीच्या फुग्यामुळे झाकला जातो.

आणखी एक मुद्दा आहे, जो माझ्यासारख्या दोन्ही करून घेतलेल्या व्यक्तीच्या नजरेतून सुटणे सोपे आहे. नेदरलँड्समध्ये लोकांना यादृच्छिक पद्धतीने दोहोंपैकी एका तपासणीचे निमंत्रण पाठवले गेले आणि 2012 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सीटीला 34 टक्के लोक आले, कोलोनोस्कोपीला 22 टक्के. आलेल्यांपैकी शंभरात गंभीर वाढ सापडण्याचे प्रमाण कोलोनोस्कोपीत जास्त होते, 8.7 विरुद्ध 6.1, पण निमंत्रण पाठवलेल्या शंभर जणांमागे मोजले तर फरक उरला नाही. जी तपासणी लोक करून घेतात ती त्यांच्या उपयोगी पडते. मला कोणी थेट कोलोनोस्कोपीच कर म्हटले असते, तर ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेचे कारण पुढे करून मी ती आणखी दोन-तीन वर्षे नक्की ढकलली असती. सीटीने मला दारापर्यंत आणले, हे तिचे श्रेय मी नाकारणार नाही.

सरासरी जोखमीच्या माणसाची तपासणी स्वच्छ आली तर सीटी पाच वर्षांनी आणि कोलोनोस्कोपी दहा वर्षांनी पुन्हा करावी, असे अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक आरोग्य सेवांविषयीच्या तज्ज्ञ गटाच्या 2021 च्या शिफारशीत आहे. मला आता ती मुभा नाही. अडेनोमा आणि सेरेटेड वाढ दोन्ही निघाल्यामुळे माझ्या डॉक्टरांनी पुढची तपासणी पाच वर्षांनी सांगितली आहे, आणि ती कोलोनोस्कोपीच असेल, कारण सपाट वाढ एकदा ज्या आतड्यात निघाली तिथे पुढच्या खेपेला पुन्हा सीटीवर विसंबणे त्यांना आणि मलाही योग्य वाटत नाही. त्यांच्या अहवालात आतड्याच्या स्वच्छतेचा दर्जा, दुर्बीण बाहेर काढायला दिलेला वेळ आणि सिग्मॉइडपाशी कोणत्या स्थितीत वळवल्यावर नळी सुटली, हे सारे नोंदवलेले आहे. पुढच्या वेळी जो कोणी ती तपासणी करेल, त्याला हा शेवटचा तपशील उपयोगी पडेल, म्हणून तो कागद मी सीटीच्या चित्रफितीसोबत एकाच पाकिटात ठेवला आहे.